मागची उजवी काच

शेजारच्या कीथच्या गवतकाप्याने उडवलेला खडा
हरभऱ्याएवढा, आणि काचेची
एका दमात खडीसाखर.
कीथ तीनदा सॉरी म्हणाला,
चौथ्यांदा प्लमच्या जॅमची बरणी घेऊन आला.

टेल्फर्डमध्ये ऊन असतं तरी किती?
पण गाडी घेतली तेव्हा मागच्या काचा काळ्याच होत्या,
कारखान्यातून तशाच आलेल्या.
विकणारा म्हणाला, मुलांना बरं पडतं.
मी म्हटलं, मुलगी एकच आहे.
मग तिला बरं, म्हणाला.

मर्विनची व्हॅन सव्वानऊला दारात.
फुटक्या काचेचा एक कण त्याने उजेडात धरला,
सोनार धरतो तसा.
हा रंग वरून लावलेला नाही, म्हणाला,
काचेच्या पोटातला आहे, वितळतानाच मिसळलेला.
आणि मग जरा ओशाळून,
गोदामातून मला साधीच काच दिलीय.

ऑपरेशनआधी डॉक्टर सांगतात त्या सुरात
त्याने एकेक सांगितलं.
काळी मागवली तर बारा दिवस, तोवर प्लास्टिक.
नाहीतर हीच बसवून आतून फिल्म,
पण ती किंचित निळी मारणार,
शेजारच्या काचेला ओळख देणार नाही.
आठवडाभर काच खाली करायची नाही.
बुडबुडे दिसले तर टाचणी घेऊन बसायचं नाही.
पुढच्या काचांना कायदा आहे:
शंभरातला सत्तर उजेड आत यायलाच हवा.
मागच्यांना काही नाही,
मागे कितीही अंधार चालतो.
हे बोलताना त्याच्या दातांत स्क्रू होता
आणि तो दाराचं अस्तर सोडवत होता.

कण वेचायला मी मागे बसले.
अकरा वर्षांत या सीटवर पहिल्यांदा.
काच नव्हती, म्हणून उजेड थेट दारावर पडला,
कोपर टेकतं तिथे, जरा खाली.
चार उभ्या रेघा, एक आडवी.
चार उभ्या, एक आडवी.
दूधवाल्याच्या खात्यासारख्या, पिनेने कोरलेल्या.
सदतीस जुड्या आणि वर तीन.

मर्विन व्हॅक्यूम चालवत होता. मी दोनदा मोजलं.
शाळेचं वर्ष इथे एकशे नव्वद दिवसांचं.
दोन दिवस ती तापाने घरी असेल.
तिचे ताप मला आठवतात, तीन वर्षी तीन,
आकड्यांसकट आठवतात.
यातलं कुठलं वर्ष, ते मात्र तिने कोरलेलं नाही.

मी पुढे, ती बरोबर माझ्या मागे.
ती जागा आरशात येत नाही.
डबा घेतलास? हो.
रोजचा एक हो, आणि मग रेडिओवर
कुठल्या रस्त्यावर किती गाड्या अडकल्या.
उतरताना स्वरदा दार हळू लावायची.
गुणाची पोर, असं मी म्हणत असे. लोकांनाही सांगत असे.

तर काय करू? मर्विनने विचारलं.
साधीच राहू दे.
विचित्र दिसेल हो. तीन काळ्या, एक साधी,
एक डोळा उघडा ठेवून झोपल्यासारखी दिसेल गाडी.
विकायला गेलात तर भाव पाडतील.
आत पिशवी ठेवलीत तर चोराला दिसेल.
दिसू दे, म्हटलं.
त्याने खांदे उडवले, रबराची पट्टी दाबून बसवली.
काही कण दारात राहिलेत, म्हणाला,
खड्ड्यातून गेलात की वाजतील.

रात्री डंडीला फोन लावला.
गाडीची काच फुटली गं.
कुठली?
माझ्या मागची.
पलीकडे किटलीचा आवाज, मग तोही बंद.
दारपण बदललं का?
नाही. फक्त काच.
काळीच बसवलीस ना?
मी खिडकीशी गेले. रस्त्यावरचा पिवळा दिवा
मागच्या सीटवर नुसता पसरून बसला होता.
काय विचारायचं ते ओठांवर आलं,
आणि तोंडातून निघालं, जेवलीस?
हो, म्हणाली.
फोन मात्र ठेवला नाही.
मीही नाही.